चिकटून की अंतर ठेवून?

फ्रेमवाल्याने काच ट्यूबलाइटकडे तिरकी धरली आणि विचारलं, "ताई, फोटो काचेला चिकटून राहणार का मधे माउंट येणार?" माझ्या हातात मापाची चिठ्ठी होती. सेंटिमीटरचे इंच तो आपल्या पद्धतीने करून घेणार, वर 'सुतात सांगा' म्हणणार, इतपत तयारीने मी गेले होते. हा प्रश्न अनपेक्षित होता. म्हटलं, "फोटो नाहीये हो. जुन्या निगेटिव्ह आहेत. स्कॅन करताना सपाट राहाव्यात म्हणून वरून काच ठेवायचीय." तो क्षणभर थांबला. "म्हणजे काच बघायला नाही, दाबायला," तो म्हणाला, "मग चिकटूनच की." आणि पट्टी ठेवून त्याने हिरकणी ओढली. तो कर्र आवाज थेट दातांत जातो. एक साधी दोन एमएमची आणि एक मॅट, असे दोन तुकडे कापून, त्यांचे काठ पाणी लावून दगडावर घासून, कालच्या पेपरात गुंडाळून त्याने माझ्या हातात दिले. मॅट काच उरलेल्या तुकड्यांतली होती, तिचे पैसे घ्यायलाच तो तयार नव्हता. दुकानाच्या भिंतीवर गणपती, तिरुपती, पदवीचा झगा घातलेली एक मुलगी, हाराची जागा सोडून केलेले कुणाकुणाचे आजी-आजोबा, सगळे आपापल्या काचेमागे होते. कुणी चिकटून, कुणी माउंटच्या, म्हणजे मधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, अंतराने. रिक्षात बसल्यावर तो प्रश्न टोचायला लागला. मी त्याला 'चिकटून' असं उत्तर दिलंच नव्हतं. ते त्याने माझ्या वतीने देऊन टाकलं होतं.

निगेटिव्ह मामाच्या. कराडात त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद झाला, पुढे मामाही गेला, आणि जागा रिकामी करायची वेळ आली तेव्हा मामेभावाने बिस्किटांचे पत्र्याचे डबे माझ्याकडे पाठवून दिले, 'तुला असल्या गोष्टींची हौस आहे' एवढ्या निरोपासह. डब्यांत एकशेवीस नंबरच्या रुंद रोलफिल्मच्या तीन-तीन फोटोंच्या पट्ट्या, बटर पेपरच्या पाकिटांत घातलेल्या. पाकिटावर मामाच्या बारीक अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, गाव, तारीख, आणि खाली लाल पेन्सिलीने उरलेली बाकी. पट्टीच्या काठावर फिल्मचं नाव उमटलेलं असतं, ते वाचत बसायचा मला नाद लागला. बरीचशी पूर्व जर्मनीची ऑर्वो, काही आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू', आणि क्वचित कुठे कोडॅक. कोडॅकच्या पाकिटांवर बाकी नाही, हे बघून हसू आलं. महागडा रोल मामा आगाऊ पैसे घेतल्याशिवाय कॅमेऱ्यात भरत नसावा.

डबा उघडला की आधी आंबूस वास नाकात शिरतो, लोणच्याच्या व्हिनेगरचा. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि बंद डब्यात ते शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही आपल्या वाटेला लावतं. मग पट्ट्या दिसतात, उन्हात वाळत घातलेल्या पापडांसारख्या कडांनी उचललेल्या. फिल्मचा पाया ॲसिटेटचा आणि त्यावर जिलेटिनचं इमल्शन, ज्यात चित्र असतं. जिलेटिन हवेतला ओलावा पितं आणि कोरड्या हवेत सोडतं. सोडलं की आकसतं आणि पायाला आपल्याकडे ओढतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये मामाच्या पट्ट्या हातात घेतल्या तर आपोआप मिटायला बघायच्या. श्रावणात त्या जरा सैल पडल्या, पण तेव्हा बुरशीच्या धास्तीने डबे उघडायची इच्छा होत नव्हती. म्हणजे काम करायला निवांत हवा अशी वर्षात फार थोडी.

वळलेल्या पट्टीचं बाकी काही बिघडत नाही. हातात धरून खिडकीकडे बघितली तर छानच दिसते. अडचण स्कॅनरची असते. माझा स्कॅनर साधा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून झाकण लावायचं तसला, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला. त्याची लेन्स फिल्म होल्डरच्या उंचीवर, म्हणजे बेडच्या काचेपासून थोडंसं वर, स्पष्ट बघते. त्या उंचीच्या अलीकडे-पलीकडे मिलिमीटरभराचं पोट आलं की डोळे तीक्ष्ण आणि कान मऊ, असला फोटो निघतो. घोळक्याच्या फोटोत तर मधली माणसं एका जगातली आणि कडेची दुसऱ्या जगातली वाटतात. मामाने लेन्सचं रिंग फिरवून सगळ्यांना एका रेषेत आणलं होतं. तीस-चाळीस वर्षांत जिलेटिनने ते पुन्हा मागेपुढे केलं.

काचेच्या प्लेटांच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. निगेटिव्ह म्हणजेच काच. राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांचे दरबार, किल्ले, शिकारी टिपल्या त्या काचेच्या प्लेटांवर. ती काच फुटेल, तडकेल, पण वळणार नाही. कोडॅकच्या ईस्टमनने १८८९ मध्ये सेल्युलॉइडची गुंडाळायची फिल्म बाजारात आणली, फोटोग्राफरच्या हमालाच्या पाठीवरचं ओझं गेलं आणि त्याबरोबर सपाटपणाही गेला. आता आपण तीच काच परत विकत आणतो आणि फिल्मवर ठेवतो.

मामी याला हसते. मामीचं माहेर ओगलेवाडीचं. कराडच्या रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या प्रत्येकाला ओगलेवाडी माहीत असते, कारण स्टेशनच तिथे आहे. तिचे वडील ओगल्यांच्या काचकारखान्यात होते, जिथून प्रभाकर कंदील निघून महाराष्ट्रभर घराघरांत टांगले गेले. काच भट्टीतून काढली की तिला सावकाश गार होऊ द्यावं लागतं, घाई केली तर आत ताण राहतो आणि मग वर्षभराने एखाद्या रात्री काही कारण नसताना ती तडकते, हे तिने लहानपणीच ऐकलेलं. त्यामुळे माझ्या टेबलावरचे काचेचे तुकडे बघून ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर "काठ घासलेत का नीट? काठाला कपची असली की तिथनंच जाते."

तर पहिली पट्टी मी साध्या काचेखाली घेतली. स्वच्छ, आरपार, दोन एमएमची. पडद्यावर एक नवरी आली. नाकात नथ, कपाळावर मुंडावळ्या, नजर खाली. आणि कपाळापासून गालापर्यंत एकात एक अडकलेली वेडीवाकडी वर्तुळं, फिकट-गडद, फिकट-गडद. मामी शेजारच्या खुर्चीत बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा बारीक दिसतं. "अगं, पाणी सांडलंय की काय हिच्या तोंडावर?" पट्टी काढून उजेडात धरली. नवरीचा चेहरा लख्ख. काच पुसली, उलटसुलट करून बघितली. लख्ख.

डाग ना फिल्मवर होता, ना काचेवर.

तो दोघींच्या मधल्या हवेत होता. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकते, पण सगळीकडे सारखी टेकत नाही. मधे कुठे शून्य, कुठे अगदी नखभराच्याही हजारो पटींनी बारीक अशी फट राहते. त्या फटीच्या खालून आणि वरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, कुठे एकमेकांना वाढवतो, कुठे मारतो. हिरव्या प्रकाशाची लहर साधारण ५५० नॅनोमीटरची, आणि फट तिच्या निम्म्याने वाढली की पुढचं वर्तुळ उमटतं. म्हणजे एका मिलिमीटरचे साडेतीन हजारांहून जास्त भाग करावेत आणि त्यातल्या एकाने काच उचलली जावी, की नवरीच्या गालावर आणखी एक कडं. पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या ओल्या रस्त्यावर तेलाचा तवंग रंग दाखवतो, त्यामागेही हेच. रॉबर्ट हूकने हे रंग १६६५ मध्ये लिहून ठेवले होते, न्यूटनने वर्तुळं मोजली आणि १७०४ मध्ये छापली, नाव न्यूटनचं राहिलं. गंमत म्हणजे प्रकाश ही लहर आहे हे न्यूटनला मान्य नव्हतं. त्याच्या नावाच्या वर्तुळांचा उलगडा झाला तो शंभरेक वर्षांनी थॉमस यंगने लहरींचा हिशेब मांडल्यावर. ज्या दिव्याच्या प्रकाशात मोजकेच रंग ठासून भरलेले असतात त्याच्याखाली ही वर्तुळं जास्त उठतात, जुन्या पिवळ्या बल्बखाली कमी. प्रकाश आरपार जाताना तर ती तशी फिकीच असतात. पण माणसाचा गाल म्हणजे मऊ करड्या छटा, तिथे तेवढीही पुरतात. नवरीच्या मागच्या जरीच्या पडद्यावर तीच वर्तुळं असूनही दिसत नव्हती.

इथे फ्रेमवाला आठवला. त्याचा प्रश्न अंतराचा होता आणि त्यात तो माझ्या बराच पुढे होता. मॅट काच म्हणजे पृष्ठभाग आम्लाने किंचित खडबडीत केलेली काच. ती फोटोला चिकटून असली तर फोटो स्वच्छ दिसतो, खिडकीची तिरीप मात्र तिच्यावर विरघळून जाते. तीच काच माउंट टाकून फोटोपासून दोनतीन एमएम दूर नेली की खालचं सगळं धुक्यात जातं. म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तेच विचारतो. फिल्मच्या बाबतीत त्या खडबडीतपणाचा उपयोग वेगळा. मॅट बाजू फिल्मच्या चकचकीत पाठीवर ठेवली की ती अगणित बारीक टोकांवर टेकते, मधली फट कुठेच नियमित राहत नाही, आणि वर्तुळांना उमटायला जागा मिळत नाही. या कामासाठी खास बनवलेल्या काचेला अँटी-न्यूटन काच म्हणतात. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, त्यात निगेटिव्ह धरणाऱ्या कॅरिअरमध्ये ती असायची, आणि आजही मिळते, पण परदेशातून मागवायची आणि पोचेपर्यंत शाबूत राहील अशी प्रार्थना करायची. फ्रेमच्या दुकानातली मॅट काच तिची गरीब बहीण. सगळ्याच मॅट काचा चालत नाहीत. बाथरूमच्या खिडकीला लावतात ती घासलेली काच फार भरड, तिचा रवा आकाशात आणि कपाळावर उतरतो. दोन्ही बाजूंनी मॅट असलेली काच मला आवडली नाही, प्रत्येक फोटोवर एक मिळमिळीत पडदा आल्यासारखा वाटला. एकाच बाजूने मॅट असलेली उत्तम. कुठली बाजू मॅट, हे बघायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुरतं. मॅट बाजूने बघितलं की ट्यूबच्या कडा विस्कटतात. हे मी फ्रेमवाल्याला करताना बघितलं होतं, तो काच तिरकी धरतो ती त्यासाठीच.

आणि ती ठेवायची कुठे, हा निम्मा प्रश्न. फ्लॅटबेडमध्ये दिवा वर झाकणात आणि लेन्स खाली. मॅट काच वर, दिव्याच्या बाजूला ठेवली तर तिचा खडबडीतपणा फक्त प्रकाश थोडा आणखी पसरवतो, आणि तो प्रकाश आधीच पसरलेला असतो. खाली, लेन्स आणि फिल्मच्या मधे ठेवली तर लेन्स चित्राऐवजी त्या रव्यातून बघायला लागते. शिवाय खाली कुठलीही काच आली, साधीसुद्धा, की फोकस सरकतो. काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश एवढा. दोन एमएमची काच घातली की पाऊण एमएमच्या आसपास फरक, आणि मग होल्डरखाली पुठ्ठ्याच्या चकत्या लावत बसा. वरची काच कितीही जाड घ्या, फोकसला फरक पडत नाही, फक्त वजनाचा विचार करायचा. सात सेंटिमीटर रुंद आणि वीस लांब, दोन एमएम जाडीची पट्टी सत्तर ग्रॅमच्या घरात जाते. वळलेल्या एकशेवीसच्या फिल्मला बसवायला तेवढं ओझं बहुतेक वेळा पुरतं, आणि होल्डरचं प्लास्टिकही वाकत नाही. तीन एमएमने ते वाकलं.

बाकीच्या काचांची चौकशी मी उगाचच केली. म्युझियमवाले वापरतात ती परावर्तन न होणारी काच एकदा हातात घेऊन बघितली. साध्या काचेची प्रत्येक बाजू चार टक्के प्रकाश परतवते, ही एक टक्काही परतवत नाही. समोर धरली तर मधे काही आहे असं वाटतच नाही. तिची किंमत ऐकून अदबीने परत ठेवली. ॲक्रिलिक हलकं आणि फुटत नाही, पण हिवाळ्यात पुसलं की विजेने भारतं आणि घरातली सगळी धूळ बोलावून घेतं, वर चरे पडतात. साध्या काचेत लोखंडाचा अंश असतो, काठाने बघितलं तर हिरवी दिसते. कृष्णधवल फिल्मला त्याने काहीही बिघडत नाही, आणि रंगीत फिल्मलाही दोन एमएममधून जाताना जे हिरवेपण येतं ते कॉम्प्युटरवर काढता येतं. जुन्या वाड्याच्या खिडकीची काच वापरू का, असा एक मोह झाला होता. त्या काचेतून बाहेरचं झाड जरासं हलतं, आपण मान हलवली की खोड वाकतं. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची रीत १९५९ मध्ये जाहीर केली, त्याआधीच्या ओढलेल्या काचेला अशा लाटा असायच्या. खिडकीत त्या सुंदर दिसतात. फिल्मवर ठेवायला फ्लोट काचच बरी.

साधी काच इमल्शनच्या मंद बाजूला आणि मॅट काच चकचकीत बाजूला, अशी दोन काचांची सँडविच करा, असं बहुतेक जाणकार सांगतात. इमल्शनची बाजू मुळात थोडी ओबडधोबड, तिथे साध्या काचेलाही वर्तुळं सहसा येत नाहीत. तर्क बिनचूक आहे. मी तशी जुळणी करून मामीला दाखवली, तर तिने काचेचा वरचा तुकडा झटकन उचलला.

"इमल्शनला काच लावू नकोस. तिथे माझं काम आहे."

ते काम मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक उतरती पेटी असायची. तिच्यात मधे धुरकट काच, खाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड वर फेकायचा, धुरकट काचेवर निगेटिव्ह ठेवलेली, आणि मामी पदर खोचून, डोक्यावर काळं कापड घेऊन तिच्यावर वाकलेली. रिटचिंग. पेन्सिल फोरएच, तिचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईएवढं केलेलं. सुट्टीत आम्ही पोरं मागून धक्का देऊ नये म्हणून तिने दाराला आडणा घातलेला असायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक असते, देवीचा व्रण पारदर्शक असतो. त्या जागी पेन्सिलीचा बारीक स्वल्पविराम टाकत गेलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. फिल्मला आधी रिटचिंगचं औषध लावायचं, म्हणजे शिसं धरतं. तरी ते धरणं नावापुरतंच. बोट फिरलं की पुसलं. मामीने आयुष्यभर निगेटिव्ह कडांनी धरल्या. आणि मी तिच्या कामावर सत्तर ग्रॅमची काच टेकवायला निघाले होते, रोज पाचपंचवीस वेळा, सरकवत.

तिने विचारलं ते मात्र फ्रेमवाल्याच्याच भाषेत. "चिकटूनच पाहिजे का?"

नको होतं. पट्टी इमल्शनच्या बाजूला वळते. इमल्शन खाली करून होल्डरमध्ये ठेवली की कडा खाली आणि पोट वर, अशी ती कमान होते. कडांना होल्डरचा आधार आहे, पोटावर वरून मॅट काच ठेवली की कमान बसते. इमल्शनला खाली काही लागत नाही, लेन्स आणि चित्राच्या मधे दुसरी काच नाही, फोकस सरकायचा प्रश्न नाही, आणि धूळ बसायच्या चार बाजूंऐवजी दोनच. फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो, तो कॉम्प्युटरवर फिरवायचा. जी पट्टी एवढ्याने बसत नाही तिच्यावर जोर करायचा नाही. व्हिनेगरचा वास फार येणाऱ्या पट्ट्यांत ॲसिटेट आकसून इमल्शनला सुरकुत्या पडल्यात, त्यांना कुठलीच काच सरळ करू शकणार नाही, आणि दाबल्या तर त्या तडकतील. त्या मी जशा आहेत तशा, मऊ कानांच्या, घेतल्या आणि वेगळ्या डब्यात टाकल्या.

काम झालं की काच लगेच काढायची, ही मामीची दुसरी अट. तिला कारण सांगावं लागलं नाही. आपल्याकडे कुठल्याही जुन्या घरात भिंतीवर असा एक फोटो असतोच, जो माउंट न टाकता थेट काचेखाली बसवलेला असतो. पावसाळ्यामागून पावसाळे जिलेटिन फुगतं, सुकतं, फुगतं, आणि काचेला धरून बसतं. मग कधीतरी नातवाला आजोबांचा फोटो मोठा करून हवा असतो, फ्रेम उघडतात, आणि आजोबांचा अर्धा चेहरा काचेबरोबर निघतो. मामाकडे लोक असे फोटो घेऊन यायचे. तो काच सोडवायच्या फंदात न पडता काचेसकट कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याची कॉपी काढायचा, आणि परत देताना माउंट घाला म्हणून बजावायचा. लोकांना माउंटचे जादा पैसे हे स्टुडिओवाल्यांचं लुबाडणं वाटायचं.

चरे गेले नाहीत. चकचकीत बाजूचे बारीक चरे पडद्यावर पांढऱ्या केसांसारखे दिसतात म्हणून मी कुरकुरत होते, तर मामीने त्यावर मामाचा उपाय सांगितला. नाकाच्या शेंड्यावरून बोट फिरवायचं आणि ते चऱ्यावर. चऱ्यात तेल भरलं की प्रकाश तिथे अडखळत नाही. यात चेष्टा नाही. मोठ्या ड्रम स्कॅनरवर फिल्म खास द्रवात भिजवून बसवतात, त्याच्यामागेही हाच विचार असतो. काच, फिल्म आणि द्रव यांच्यातून प्रकाश जवळपास सारख्याच वेगाने जातो, मधली हवा हटते, आणि हवेबरोबर वर्तुळंही जातात, चरेही. ते द्रव घरात उघडून बसायची माझी तयारी नाही. नाकाचा उपाय मात्र केला. जमतो. थंडीत नाक कोरडं असतं तेव्हा कमी जमतो.

आणि मग फोटो खरोखर तीक्ष्ण यायला लागले. पट्टी सपाट, फोकस बरोबर, वर्तुळं नाहीत. मी खूश होऊन ती नवरी पुन्हा घेतली, शंभर टक्क्यांवर उघडली, आणि मामीने तोंड फिरवलं. नवरीच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीखाली पेन्सिलीचे स्वल्पविराम. शेकडो. ओळीने, एका दिशेने, कुठे दाट, कुठे विरळ, मधेच एखादा जरा जोराने ओढलेला. मामाच्या एन्लार्जरचा प्रकाश मऊ होता, कागदही मऊ, प्रिंटमध्ये यातलं काही दिसत नसे. गाल गुळगुळीत दिसे आणि मुलगी आहे त्यापेक्षा दोन छटा गोरी. लग्न ठरायच्या आधीचा जो 'दाखवायचा फोटो' असायचा, त्याच्यासाठीच खरं हे काम चाले. मुलीचा बाप हळूच सांगायचा, जरा उजळ काढा. मामी उजळ काढायची. तिने कराड-पाटणच्या किती मुलींना पेन्सिलीने गोरं केलं याचा हिशेब नाही. मी तिला विचारलं, कधी वाईट वाटलं का. ती म्हणाली, "व्रण बुजवताना नाही वाटलं. रंग चढवताना वाटायचं. पण आठ आणे जादा मिळायचे."

मला ते स्वल्पविराम फार आवडले होते, आणि अजूनही आवडतात. मामाचं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, शिक्क्यावर होतं, फोटोच्या मागे होतं. मामीची सही असेल तर ती हीच. मी तसं म्हणून बघितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सही असती तर मी दिसेल अशी केली नसती का? हे दिसायचं नव्हतं. न दिसण्याचेच पैसे होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून दोन फायली करायचं ठरवलं. एक तीक्ष्ण, माझ्यासाठी. दुसरी, त्या मुलींच्या घरी पाठवायची, कारण पाकिटांवरच्या नावांपैकी काही जणी, आता आज्या झालेल्या, मामेभावाच्या ओळखीत निघाल्या आहेत.

दुसऱ्या फाइलीसाठी कॉम्प्युटरवर धूसर करायची सोय आहे, पण मामीला ती पटली नाही. नाक, डोळे, नथ, सगळंच एकसारखं पुसट होतं म्हणाली. तिने फ्रेमवाल्याची ती फुकट मिळालेली मॅट काच मागितली. वरची नव्हे, तिचाच उरलेला तुकडा. तो पट्टीखाली ठेवायला लावला, मधे पुठ्ठ्याची एक चौकट, जेमतेम माउंटएवढ्या जाडीची. लेन्स आणि चित्राच्या मधे मॅट काच, तीही अंतर ठेवून. जे करू नये म्हणून मी इतके दिवस खटपट केली ते सगळं एकाच वेळी. पहिल्या फोटोला धुकं फार झालं. पुठ्ठा काढून जाड कागद घातला, तेव्हा मामी पुढे सरकली. स्वल्पविराम एकमेकांत मिसळले होते, गाल गाल झाला होता, आणि नथीच्या मोत्यावर अजून एक ठिणगी शिल्लक होती. "हां. असा यायचा ह्यांच्या कागदावर."

आता आम्ही एकेक पाकीट काढतो आणि कुणाला कुठली काच ते ती ठरवते. मुली बहुतेक खालच्या काचेवर जातात. लहान पोरं वरच्या, त्यांना पेन्सिल लागतच नव्हती. परवा एक फेटेवाला निघाला, मिशा पिळलेल्या, छातीवर घड्याळाची साखळी. मी सवयीने कागदाची चौकट हातात घेतली. मामीने पाकीट चष्म्याशिवाय वाचलं, लाल पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्याला नको. ह्याला आहे तसा येऊ दे, सुरकुती न् सुरकुती. साडेसात रुपये यायचेत अजून."